लंडनची नळी, अमेरिकेचा डबा आणि माकडाने पाडलेला पाऊस: तीन पर्जन्यमापकांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ब्रँडची नावं लिहिणार नाहीये. एकाला बऱ्यापैकी शिव्या घालायच्यात आणि मला उगाच डोक्याला ताप नकोय. शिवाय ही मॉडेलं ऑनलाइन पाच-पन्नास नावांनी मिळतात, वर्णनावरून ओळखालच.

तर झालं असं. आमचं घर वाईत, जवळच थोडी शेती आहे, ती सासरे बघतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणीत आत्या, आणि तिथून अजून वीसेक किलोमीटर पुढे महाबळेश्वरला मामा, त्याची स्ट्रॉबेरी आणि टुरिस्टसाठी दोन खोल्या. सकाळी चहा पिऊन निघालं तर नाष्ट्याला मामाकडे, एवढंच अंतर. पण पावसाचं म्हणाल तर आम्ही तिघं तीन वेगळ्या देशांत राहतो. जून लागला की फॅमिली ग्रुपवर भांडण सुरू, मामा लिहिणार इथं आभाळ फाटलंय, आबा मला लिहायला लावणार की इथं खुरपं घातलं तर दोन बोटं ओल नाही, आणि आत्या म्हणणार "आमच्याकडे बरा आहे". आत्याचा पाऊस गेली तीस वर्षं "बरा"च आहे. हा बरा म्हणजे किती ते एकदाचं बघूच म्हणून मोजायचं ठरलं आणि एका पावसाळ्यात घरात पर्जन्यमापकांची वरात जमा झाली.

पहिली आली लंडनची नळी. वन्सं तिकडे लंडनजवळ राहतात, त्यांना ग्रुपवरच्या भांडणाचा कंटाळा आला असावा, येताना तिकडच्या बागकामाच्या दुकानातून एक प्लास्टिकची नळी घेऊन आल्या. नळी म्हणजे गोल नाही, पाचरीसारखी आहे, खाली निमुळती आणि वर रुंद होत गेलेली, मागे खांबाला ठोकायला पट्टी. खाली निमुळती का तर थोडा पाऊस पडला तरी पाणी उंच चढतं आणि रेघा लांब लांब पाडता येतात. अर्ध्या मिमीची रेघ चष्मा न लावता दिसते. आयडिया खरंच चांगली आहे. जूनमध्ये वाईला नुसती भुरभुर चालू होती तेव्हा रोज सकाळी दीड, दोन, साडेतीन असे आकडे मिळायचे आणि मला फार भारी वाटायचं, वहीत लिहून ठेवायचे.

मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी ती पिशवीत टाकून मामाकडे घेऊन गेले. अंगणात एक काठी रोवली, तिला नळी बांधली, आणि आम्ही पडवीत भजी खात बसलो. मामाने बघितली आणि म्हणाला, "हे काय, खोकल्याचं औषध आणलंस का?" पावणेदोन तासात नळी भरली आणि वाहायला लागली. वरची शेवटची रेघ ४० मिमीची. मी छत्री घेऊन गेले, ओतली, परत बांधली, ती परत भरली, तिसऱ्यांदा जायला निघाले तर मामी म्हणाली बस झालं गं, सर्दी होईल.

आता यात नळीची काही चूक नाही. ती ज्या गावासाठी बनवलीय तिथे ती बरोबरच आहे. लंडनला अख्ख्या वर्षात पाऊस पडतो साधारण ६०० मिमी. हो, सहाशेच. वाईला पडतो सातशे-आठशे. म्हणजे ज्या लंडनच्या पावसावर अर्ध्या जगात विनोद चालतात, तिथे आमच्या वाईपेक्षा कमी पडतो! वन्संना हे पटलंच नाही, त्या म्हणाल्या अगं तिकडे कायम छत्री लागते. लागत असेल ना. तिकडे वर्षातले शंभराहून जास्त दिवस पाऊस येतो आणि बाराही महिने थोडा थोडा वाटून येतो, आज दोन मिमी, परवा चार मिमी. आपल्याकडे सगळा हिशेब चार महिन्यांत उरकायचा असतो. महाबळेश्वरला वर्षाचा साडेपाच-सहा हजार, त्यातला एकट्या जुलैचा दोन हजारांच्या आसपास, म्हणजे लंडनचं अख्खं वर्ष मामाच्या अंगणात नऊ-दहा दिवसांत संपतं. आणि मुंबईने तर २६ जुलै २००५ ला एका दिवसातच ते संपवलं होतं, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. त्या नळीने मोजायचं म्हटलं असतं तर चोवीस वेळा ओतावी लागली असती.

त्यामुळे वाईसारख्या ठिकाणी साध्या दिवसांना ही नळी चालते, पण सह्याद्रीच्या डोक्यावर राहत असाल तर घेऊ नका, पैसे वाया. पाचपैकी साडेतीन स्टार, ते पण वन्सं वाचतात म्हणून.

दुसरा आला अमेरिकेचा डबा. चुलत दीर तिकडून येणार होता, त्याला दोन आणायला सांगितले, एक मामाला एक आत्याला. तिकडे हजारो लोक घरच्या अंगणात हाच डबा लावून रोजचा पाऊस कळवतात. कोलोरॅडोत १९९७ मध्ये फोर्ट कॉलिन्स गावात एका बाजूला प्रचंड पाऊस होऊन पूर आला आणि त्याच गावाच्या दुसऱ्या भागात फारसा नाही, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की एका गावाला एक पर्जन्यमापक पुरत नाही, त्यातून पुढच्या वर्षी हे नेटवर्क सुरू झालं. आपल्याकडे ते २००५ चंच उदाहरण बघा, सांताक्रूझला ९४४ पडला तेव्हा कुलाब्याला पडला होता ७३ च्या आसपास. एकच शहर, तीच तारीख. कुलाब्यात ऑफिसला बसलेल्या माणसाला वाटलं असेल जरा जास्त पाऊस आहे, लोकल बंद का पडल्या.

असो, डब्याबद्दल. जाड पारदर्शक प्लास्टिकचा, चार इंच तोंड, वर नरसाळं, आत एक बारीक नळी. मोठ्या तोंडातलं पाणी बारीक नळीत उतरतं म्हणून पाऊस दहापट उंच दिसतो, एक इंच पाऊस पडला तर आतल्या नळीत दहा इंच पाणी. आतली नळी भरली की जास्तीचं पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं, असा एकूण ११ इंच म्हणजे २८० मिमीपर्यंत मावतो. मग सकाळी आतली नळी वाचायची, ओतून द्यायची, बाहेरच्या डब्यातलं पाणी नरसाळ्यातून परत नळीत भरायचं, वाचायचं, ओतायचं, असं संपेपर्यंत. मामाकडे २०० मिमीच्या दिवशी आठ वेळा नळी भरावी लागते. एकदा सातव्या खेपेला मामाचा हात घसरला आणि सगळं पाणी पायावर. त्या दिवशी ग्रुपवर मामाने लिहिलं "१७८ आणि उरलेला माझ्या बुटात".

तक्रार एकच, रेघा इंचात आहेत. मिमीवाला पण मिळतो म्हणे, दिराने बघितलं नाही. त्यामुळे रोज २५.४ ने गुणा. आता मामीने एक कोष्टकच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

आत्याचा यावर फार मोठा आक्षेप होता, तो इथे लिहितेच कारण बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो. ती म्हणाली, "तुझ्या नळीचं तोंड एवढंसं, माझ्या डब्याचं मोठं, मग माझ्याकडे जास्त पाऊस दिसणारच ना." नाही दिसत. अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, दोन्हींच्या भिंती सरळ उभ्या असल्या, तर परातीत पाणी जास्त जमेल पण उंची दोन्हीकडे सारखीच. आपण पाणी मोजत नाही, पाण्याची जाडी मोजतो. एक मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आबांना हे लिटरमध्ये सांगितलं तेव्हा कुठे त्यांना या खेळण्यांत रस आला. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे एक मिमीला गुंठ्यावर शंभरेक लिटर. एकराला चार हजार लिटर. आबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे दहा मिमीला आपल्या एकरात चार टँकर." दहा हजार लिटरचे धरले तर हो, बरोबर चार.

आता जागा कुठली. यावर जरा जास्त लिहिते कारण डबा कितीही महागाचा घ्या, चुकीच्या जागी लावला तर खोटं बोलतो. मामाने पहिले आठ दिवस डबा फरशीवर ठेवला होता, शहाबादी फरशी, बाजूलाच पन्हाळ. महाबळेश्वरचा पाऊस सरळ पडतच नाही, वारा घेऊन येतो, झड नुसती, आणि फरशीवर आपटून उडालेले थेंब डब्यात. रोज आकडा फुगलेला. उलट आत्याने फणसाखाली लावला होता, "पडून फुटायला नको" म्हणून. तिथे पाऊस थांबल्यावर अर्धा तास फणसाचा पाऊस चालू. साधा हिशेब असा की झाड, भिंत, काय असेल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब लावायचा, खाली गवत किंवा माती असावी, तोंड एकदम लेव्हलला. आपल्या हवामान खात्याच्या साध्या मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर असतं. फार उंच लावला तर वारा थेंब पळवतो आणि आकडा कमी येतो, गच्चीवर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि वेळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. रात्री बाराचा काही संबंध नाही. मामा सुरुवातीला उठल्या उठल्या साडेसहाला वाचायचा, आत्या पूजा झाल्यावर दहाला, मग आकडे जुळणार कसे? आता साडेआठला तिघांच्याही मोबाइलवर अलार्म आहे. एका दिवशीचे आकडे सांगते, जुलैचाच दिवस: मामा २११, आत्या ६४, आम्ही ९. तीच सकाळ, तोच रस्ता. समुद्रावरून आलेला वारा कोकणातून कड्याला येऊन धडकतो, वर चढतो, गार होतो आणि मामाच्या डोक्यावर सगळं ओझं टाकून देतो, आत्याकडे येईपर्यंत निम्मा रिकामा आणि आमच्याकडे उतरतो तेव्हा पाव्हण्यासारखा हात हलवत येतो. अजून पूर्वेला म्हसवड-दहिवडीकडे गेलं तर वर्षाला पाचशेच्या आतच. पुस्तकात पर्जन्यछाया शिकलो होतो सगळेच, पण तीन डबे तीन अंगणांत लावून रोज बघितल्यावर जे कळतं ते वेगळंच. आत्याचा "बरा" म्हणजे ३० ते ८०, हे पण सिद्ध झालं.

डब्याला पाचपैकी पावणेपाच. पाव कापला इंचांसाठी.

आता तिसरा, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच. डिजिटल. आत्याचे गुडघे दुखतात, पावसात अंगणात जायला नको म्हणून नवऱ्याने साडेपाच हजारांचं वायरलेस मशीन मागवलं, गच्चीच्या कोपऱ्यात पाइपवर बसवायचं, घरात स्क्रीन, शिवाय मोबाइलवर ॲप. आत दोन छोट्या वाट्या असतात सी-सॉसारख्या, एक भरली की कलंडते, पाणी ओतलं जातं आणि दुसरी वर येते, प्रत्येक कलंडण्याला ०.३ मिमी मोजायचे. या कलंडणाऱ्या वाटीची कल्पना जुनी आहे, सतराव्या शतकात लंडनचं सेंट पॉल चर्च बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने असं यंत्र काढलं होतं. आडनाव रेन! स्पेलिंग वेगळं आहे पण तरी.

चांगलं आधी सांगते. पाऊस किती पडला एवढंच नाही तर कसा पडला ते हेच दाखवतं. डबा सकाळी फक्त बेरीज सांगतो. जुलैत एका दिवशी आत्याकडे ३८ मिमी झाला, तो दिवस-रात्र रिपरिप. ऑक्टोबरात परतीच्या पावसात परत ३८ झाला, पण तो चाळीस मिनिटांत. वहीत दोन्ही आकडे सारखेच. पहिल्याने जमिनीत मुरून विहिरीला पाणी आलं, दुसऱ्याने आत्याच्या परसातली माती शेजाऱ्यांच्या गेटपर्यंत नेऊन ठेवली. अमेरिकेत मिसूरीमधल्या होल्ट गावात १९४७ मध्ये ४२ मिनिटांत ३०५ मिमी पडला होता, आणि मेरीलँडमधल्या युनियनव्हिलला १९५६ च्या ४ जुलैला एका मिनिटात ३१ मिमी. एका मिनिटात! वन्संची नळी जवळजवळ भरली असती तेवढ्या वेळात. असला पाऊस बेरजेच्या वहीत सापडतच नाही, त्यासाठी हे मशीन पाहिजे.

आता शिव्या. एक, जोराच्या पावसात हे कमी मोजतं. वाटी कलंडत असते तेवढ्या क्षणात वरून येणारं पाणी बिनहिशेबी जातं, भुरभुरीत फरक पडत नाही पण मुसळधारेत पडतो. शेजारीशेजारी लावून बघितलं, डब्यात १६८, मशीनवर १३९. म्हणजे ज्या दिवशी आकड्याची खरी गरज त्याच दिवशी चुकतं. चांगल्या मशीनला याची दुरुस्ती हिशेबात करता येते म्हणे, याच्यात तशी सेटिंग शोधून सापडली नाही. दोन, कोळी. नरसाळ्याच्या भोकाला जाळं केलं आणि पाच दिवस स्क्रीनवर शून्य, बाहेर धो धो. आत्या ग्रुपवर "आज पाऊस नाही" लिहित होती आणि मागे पत्र्याचा आवाज व्हॉइस मेसेजमध्ये ऐकू येत होता. तीन, लाइट गेली की वायफाय गेलं, वायफाय गेलं की ॲप गेलं, आणि आमच्याकडे लाइट नेमकी पाऊस आला की जाते.

चार नंबरची तक्रार कंपनीला ईमेलने पण कळवली. सप्टेंबरमधली कोरडी दुपार, कडक ऊन, आणि ॲपवर अलर्ट, १४.१ मिमी पाऊस. आत्याला फोन केला तर ती म्हणाली वाळवण घातलंय, कसला पाऊस. मग वर जाऊन बघितलं तर एक माकड पाइपला धरून झोके घेत होतं, आणि दुसरं खाली आपली पाळी यायची वाट बघत होतं. ४७ वेळा वाटी कलंडली होती, ४७ गुणिले ०.३, हिशेब चोख! कंपनीचं उत्तर काय, तर मशीन "स्थिर पृष्ठभागावर" बसवा. साहेब, पृष्ठभाग स्थिर आहे, माकड स्थिर नाहीये. वॉरंटीत प्राण्यांमुळे झालेलं नुकसान येत नाही म्हणे. ॲपमधून तो दिवस पुसता पण येत नाही, त्यामुळे आत्याच्या सप्टेंबरच्या बेरजेत १४ मिमी माकडाचा पाऊस कायमचा बसलाय. दोन स्टार, तेही त्या चाळीस मिनिटांच्या ग्राफसाठी.

मामाकडे मात्र एक अडचण राहिलीच. २८० चा डबा रोजच्याला पुरतो, पण महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिमी झाला होता. तसा दिवस परत आला तर रात्रीत दोनदा उठायला लागेल. म्हणून शेवटी पुण्याहून शाळा-कॉलेजच्या लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून फायबरचा आणला, हवामान खात्याच्या पद्धतीचा, वर पितळी कडा, आत प्लास्टिकची बाटली, सोबत काचेचं मोजपात्र. २०० चौरस सेंटीमीटर तोंड आणि दहा लिटरची बाटली, म्हणजे ५०० मिमी. ५९४ ला तोही पुरला नसता पण एकदा उठून भागेल. दिसायला अगदी सरकारी, जड, खड्ड्यात पाया करून बसवावा लागतो, मोबाइलला जोडत नाही, पण माकडाने हलवून हलत नाही आणि बाटली झाकलेली म्हणून पाणी उडून पण जात नाही. याचा मूळ नमुना सायमन्स नावाच्या इंग्रजाचा. त्याने १८६० पासून ब्रिटनभर पाऊस मोजणारी माणसं गोळा केली, पाद्री, डॉक्टर, जमीनदार, कुणीही, तो गेला १९०० मध्ये तेव्हा तीन हजारांवर लोक त्याला आकडे पाठवत होते. म्हणजे ग्रुपवर सकाळी पाऊस टाकणं ही काही आमचीच हौस नाही.

आमच्याकडे तर त्याच्याही आधी होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी पाऊस मोजायचं कुंड ठेवायला सांगितलंय, तोंड एक अरत्नी रुंद, म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण हातभर. आणि कुठल्या प्रदेशात किती द्रोण (त्या काळचं माप) पाऊस पेरणीला पुरतो याची यादी आहे. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात सोळा द्रोण, अश्मकात म्हणजे गोदावरीकाठी साडेतेरा, अवंतीत म्हणजे उज्जैनकडे तेवीस, आणि अपरांत म्हणजे आपलं कोकण, तिथे आकडाच दिलेला नाही, नुसतं "अमित". मोजून संपत नाही! मामाला हे वाचून दाखवलं तर त्याने आठवडाभर ग्रुपवर आकड्याऐवजी "अमित" टाकलं. महाबळेश्वर कोकणात येत नाही म्हटलं तरी ऐकेना.

खरं "अमित" बघायचं तर मेघालयात. मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८७० मिमीच्या आसपास, मामाच्या दुप्पट. आणि शेजारच्या चेरापुंजीचा १८६०-६१ सालातला बारा महिन्यांचा विक्रम तर साडेसव्वीस हजारांच्या जवळचा आहे, म्हणजे साडेसव्वीस मीटर, आठ-नऊ मजली बिल्डिंग बुडेल एवढा. तिथली गोष्ट पण मामासारखीच, बांगलादेशच्या सपाटीवरून ओला वारा येतो आणि खासी टेकड्यांच्या भिंतीवर आपटतो. एका दिवसाचा विक्रम मात्र हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, जानेवारी १९६६ मध्ये चक्रीवादळात २४ तासांत १,८२५ मिमी, अमेरिकेचा डबा साडेसहा वेळा. आणि दुसरं टोक चिलीतलं अरिका गाव. वर्षाची सरासरी ०.७६ मिमी, वन्संच्या नळीवर पहिली रेघ ओलांडेल पण दुसरीला पोचणार नाही. तिथे ऑक्टोबर १९०३ पासून जानेवारी १९१८ पर्यंत पाऊसच नोंदला गेला नाही. चौदा वर्षं! अलार्म लावून रोज रिकामा डबा बघायचा आणि शून्य लिहायचं, मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं, कोण असेल तो.

आणि एवढं सगळं मोजूनही जगातला पाऊस मोजला जातो तो किती जागेत, तर आकडे गोळा होतात अशा सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं एकाला एक चिकटवून ठेवली तर अर्धं फुटबॉलचं मैदानही भरत नाही, असा हिशेब २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला होता. बाकी सगळं उपग्रह, रडार आणि अंदाज. आपल्या महसूल मंडळात पण एकच केंद्र, तिथे ६५ मिमी झाला तर अतिवृष्टी. आपल्या शेतात झाला आणि तिथे नाही तर आपल्या डब्याला पंचनाम्यात कोण विचारतंय.

आबा अजूनही खुरप्यानेच बघतात. गंमत म्हणजे मी दोन वर्षांपासून दोन्ही लिहितेय, डाव्या पानावर मिमी आणि उजव्या पानावर आबांची ओल, आणि ते जुळत नाही. कधी ३० मिमीला वीतभर ओल, कधी तेवढ्यालाच चार बोटं. आधी किती पडला होता, कसा पडला, जमीन काळी का मुरमाड, ऊन किती होतं, सगळं त्या ओलीत आलेलं असतं. कृषी खातं सांगतं ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका. यंदा आमच्या वहीत ८१ झाले तेव्हा मी म्हटलं आबा आता पेरा, ते शेतात गेले, खुरपं घातलं, मुठीत माती दाबली, सोडली, ती भुगा होऊन पडली. म्हणाले अजून नाही. चार दिवसांनी २६ झाला तेव्हा पेरलं. ज्यांनी ८१ ला पेरलं त्यांच्यातल्या दोघांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्यामुळे शेतीसाठी घेणार असाल तर डबा घ्या जरूर, पण खुरपं विकू नका.

थोडक्यात कुणाला काय घ्यायचं विचाराल तर वाई, सातारा, पुणे, सगळा देशाकडचा पट्टा, तिथे चार इंची डबा, मिमीवाला बघून. कोकण आणि घाटमाथा, तिथे फायबरचा, मोठी बाटली. डिजिटल हवंच असेल तर शेजारी साधा डबा ठेवून आणि माकडं नसलेल्या गावात. आणि अजिबात पैसे घालायचे नसतील तर सरळ भिंतीचा कुठलाही डबा आणि शाळेतली पट्टी, अगदी बारीक पाऊस कळणार नाही पण अंदाज छान येतो. बाटली कापून करणार असाल तर तळाला ती आत वळलेली असते तिथपर्यंत आधी वाळू आणि पाणी घालून शून्य करून घ्या, नाहीतर पहिलेच पाच मिमी गंडतात.

लंडनची नळी सध्या आमच्या ओट्यावर आहे. दिवाळीला वन्सं येणार आहेत, त्यांच्याबरोबर ती परत पाठवतेय, तिकडे वर्षभर अंगणात ठेवून रोज आकडा टाका म्हणावं. मामाने पैज लावलीय की त्यांचं अख्खं वर्ष तो पुढच्या जुलैत पहिल्या दहा दिवसांत गाठेल. आत्याने पण भाग घेतलाय, तिचं म्हणणं लंडनला पाऊस बरा असणार.